एकवीस हजारांवर गोठलेली गरिबी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अत्यंत गरिबीची रेषा दिवसाला दरडोई २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. या वाढवलेल्या रेषेनेही भारतातलं अत्यंत गरिबांचं प्रमाण २०११-१२ मधल्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. तेव्हापासून आपल्या वृत्तपत्रांतून जो वाद चालला आहे, तो सगळा आकडा खरा की खोटा याभोवती फिरतो. ज्या खर्च पाहणीवरून तो काढला तिची पद्धत मध्येच बदलली हा आक्षेप रास्तच आहे. पण गरिबाच्या हातात काय पडतं, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. ते ठरतं योजनेच्या शासन निर्णयात लिहिलेल्या उत्पन्न मर्यादेवरून. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आधी जागतिक रेषेविषयी थोडं. १९९० च्या सुमारास ती ‘दिवसाला एक डॉलर’ होती. पुढे १.०८, मग १.२५, १.९०, २.१५ आणि आता ३. दर काही वर्षांनी जगभरच्या किमतींची नवी पाहणी होते आणि गरीब देशांनी आपापल्या दारिद्र्यरेषा कुठे नेल्या तेही पाहिलं जातं. त्यानुसार आकडा सरकतो. २०२५ च्या बदलाने जगातल्या अत्यंत गरिबांची संख्या कागदावर सुमारे साडेबारा कोटींनी वाढली, तरीही बँकेने तो बदल केला. या ३ डॉलरना बाजारातल्या डॉलरच्या भावाने गुणून ‘अडीचशे रुपये’ म्हणणारे लेख वाचनात येतात, ते चूक आहे. हे डॉलर क्रयशक्तीचे, म्हणजे अमेरिकेत डॉलरला जेवढं सामान येतं तेवढं इथे किती रुपयांत येतं त्यावरून मोजलेले. भारतासाठी त्यांचा दर बाजारभावाच्या पावपटीच्या आसपास येतो, म्हणजे २०२१ च्या किमतींना माणशी दिवसाला साठेक रुपये. हा साठ रुपयांचा आकडा लक्षात ठेवावा.

आता आपल्या तहसील कार्यालयातल्या ‘संगायो’ शाखेत येऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ मुलं अशांसाठी. ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. तिच्यात दोन गट. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असलेले ‘अ’ गटात. यादीत नाव नाही पण उत्पन्न कमी, ते ‘ब’ गटात. निराधार योजना आणि श्रावणबाळचा ‘ब’ गट या दोन्हींसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये. दिव्यांगांसाठी ती ५०,००० केली आहे. बाकी सगळ्यांना दीड दशकाच्या आसपास तोच आकडा लागू आहे.

२१,००० ला ३६५ ने भागलं की दिवसाला साडेसत्तावन्न रुपये येतात. सगळ्या कुटुंबाचे मिळून. जागतिक बँक एका माणसाच्या अत्यंत गरिबीची सीमा साठ रुपयांच्या आसपास धरते आणि आपला शासन निर्णय त्याहून कमी रकमेत अख्खं कुटुंब बसवतो. जागतिक बँक नको असेल तर देशाची दारिद्र्यरेषा ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीची पद्धत घ्या, जिला ‘अतिशय तुटपुंजी’ म्हणून आपण सगळ्यांनीच नावं ठेवली. त्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरडोई दरमहा ९६७ रुपये होती. पाच जणांच्या घराला वर्षाचे ५८,०२० झाले. म्हणजे निराधार योजनेची आजची मर्यादा तेव्हाच्या त्या तुटपुंज्या रेषेच्याही जेमतेम छत्तीस टक्के आहे.

प्रत्यक्षात एवढ्या उत्पन्नाचं घर सापडतं का? खुरपणीचा रोज अडीचशे धरला तर ८४ दिवसांत २१,००० होतात. बाई वर्षाला तीन महिने कामाला गेली की ती निराधार राहत नाही. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता, त्या हिशेबाने ६८ व्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते. एका योजनेत सरकार शंभर दिवसांच्या कामाची हमी देत आलं आणि दुसऱ्या योजनेत त्यातले ६७ दिवसच चालवून घेतं. केंद्राच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतातल्या सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा सरासरी मासिक दरडोई खर्च १,६७७ रुपये निघाला. पाच जणांच्या घराचा वर्षाचा खर्च एक लाखाच्या वर गेला. खर्च आणि उत्पन्न एक नव्हे. त्या खर्चात घरचं धान्य धरलेलं असतं, उसनवारीवर केलेला खर्चही असतो. हे सगळं वजा केलं तरी २१,००० च्या जवळपासही पोचता येत नाही.

मग लाखो लाभार्थी आले कुठून? उत्पन्नाच्या दाखल्यातून. सेतू केंद्रावर किंवा आपले सरकार केंद्रावर अर्ज भरायचा, तलाठ्याचा अहवाल जोडायचा, तहसीलदाराच्या सहीने दाखला निघतो. अहवालात शेती, मजुरी, इतर असे रकाने असतात. मजुराच्या कमाईची पावती कुठेच नसते, त्यामुळे त्या रकान्यांत काय लिहायचं हे शेवटच्या बेरजेवरून ठरतं. बेरीज २०,००० किंवा २१,००० यायला हवी हे अर्जदाराला, केंद्रचालकाला, तलाठ्याला आणि तहसीलदारालाही ठाऊक असतं. भल्या माणसाच्या हाती हा दाखला गेला तर तो दयेपोटी लिहून देतो. तसा नसला तर लिहिण्याचे पैसे घेतो. दोन्ही प्रकारांत कागदावर खोटं उतरतं आणि त्याखाली त्या बाईचा अंगठा असतो.

यात नुकसान कुणाचं होतं ते नीट पाहायला हवं. मर्यादा कमी ठेवल्याने सधन माणूस अडत नाही, कारण दाखला कुठे आणि कसा मिळतो हे त्याला कळतं. अडतो तो ज्याची ओळख नाही असा माणूस. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने कोयत्यामागे घेतलेली उचलच मर्यादेच्या कितीतरी वर असते. ती कमाई नाही, ते कर्ज आहे, हे चौकशीला येणाऱ्याने मान्य केलं तर ठीक, नाहीतर गावात मागे राहिलेल्या म्हातारीचा अर्ज तिथेच थांबतो. ज्याचा अर्ज मंजूर झाला तोही निर्धास्त नसतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, उत्पन्नाचा कागद मागितला की तोही द्यायचा, आणि फेरतपासणी लागली की खऱ्या उत्पन्नाच्या नावाखाली कुणालाही वगळता येतं. नियमात बसणारा जवळपास कुणीच नसला की यादीतला प्रत्येक जण अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतो. हे अर्ज मंजूर करणाऱ्या स्थानिक समितीच्या अध्यक्षपदासाठी एवढी ओढाताण का होते, याचं उत्तर इथे आहे.

त्याच तहसील कार्यालयात गरिबीच्या इतर रेषाही नांदतात. पिवळ्या शिधापत्रिकेची मर्यादा १९९९ पासून १५,०००. केशरीची त्यापुढे एक लाखापर्यंत. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाची ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. लाडक्या बहिणीची अडीच लाख. लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये, निराधार विधवेलाही १,५०० रुपये. रक्कम तीच, देणारं सरकार तेच, तिजोरी तीच. पण लाडक्या बहिणीच्या घरात अडीच लाख आले तरी चालतात आणि निराधार योजनेतल्या विधवेच्या घरात बावीस हजार आले तर चालत नाहीत.

खरा पेच पासष्टीला येतो. लाडकी बहीण योजना वयाची ६५ वर्षं पूर्ण होईपर्यंत आहे. त्यानंतर तिने श्रावणबाळकडे जायचं, अशी अपेक्षा. ६४ व्या वर्षी घरचं उत्पन्न ६०,००० असलेली बाई पात्र आहे. ६६ व्या वर्षी, तेच घर आणि तेच उत्पन्न असताना, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर ती अपात्र. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू आहे, म्हणजे हे वय ओलांडणाऱ्या बायकांची पहिली खेप यापूर्वीच बाहेर पडली आहे. या दोन शासन निर्णयांची सांधेजोड कुणी केलेली नाही. आणि दारिद्र्यरेषेची यादी म्हणाल तर ती २००२ च्या पाहणीची. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. त्या पाहणीत चाळिशीत असलेली माणसं आज वृद्ध निवृत्तिवेतनाच्या रांगेत आहेत आणि तेव्हाचे गुण आजही त्यांचा गट ठरवतात.

अनुदानाची रक्कम वाढली, हे मान्य करायला हवं. राज्याने ती ६०० वरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० केली. पण मर्यादा तिथेच राहिल्याने विचित्र अवस्था झाली आहे. वर्षाचं अनुदान १८,००० आणि मर्यादा २१,०००. रकमेची वाढ सभेत जाहीर करता येते, वर्तमानपत्रात मथळा होतो. मर्यादेच्या वाढीला टाळ्या पडत नाहीत, हे एक कारण असावं.

केंद्राच्या हिश्शाला तर गोठलेला म्हणणंही सौम्य होईल. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाला तेव्हा वृद्धांना दरमहा ७५ रुपये होते. २००६ मध्ये ते २०० झाले. ६० ते ७९ वयासाठी ते आजही २०० आहेत. ऐंशीच्या पुढे ५००, विधवा आणि दिव्यांगांसाठी ३००, आणि तेही २०११-१२ पासून तसेच. शेतमजुरांचा किंमत निर्देशांक २००६ पासून तीन पटींहून जास्त वाढला आहे, म्हणजे त्या दोनशेंची किंमत तेव्हाच्या साठेक रुपयांवर आली. १९९५ च्या पंचाहत्तर रुपयांपेक्षाही ती कमी आहे. किती जणांना द्यायचे याचीही राज्यनिहाय कमाल संख्या जुन्या जनगणनेवर आणि जुन्या दारिद्र्य-प्रमाणावर ठरलेली आहे, आणि अर्थसंकल्पातली तरतूद गेली काही वर्षं ९,६५० कोटींच्या आसपास थांबली आहे. ग्रामविकासाची संसदीय स्थायी समिती ही रक्कम वाढवा असं पुन्हा पुन्हा सांगत आली आहे. योजना बंद करायची तर संसदेत उत्तर द्यावं लागतं. आकडा न बदलता बसून राहिलं तर महागाई तेच काम बिनबोभाट करते.

इतर देशांनी यावर काय केलं? ब्राझीलचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. तिथल्या १९८८ च्या राज्यघटनेनेच असं ठरवलं की निराधार वृद्ध आणि दिव्यांगांना दरमहा एक किमान वेतन मिळेल. पात्रतेची मूळ कसोटीही त्याच वेतनाला बांधलेली आहे, दरडोई उत्पन्न किमान वेतनाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. किमान वेतन दरवर्षी वाढतं, त्याबरोबर रक्कमही वाढते आणि मर्यादाही. कुणी नवा आदेश काढावा लागत नाही. त्यांची प्रसिद्ध ‘बोल्सा फमिलिया’ मात्र अशी बांधलेली नाही. तिची मर्यादा दरडोई २१८ रिआल अशी रकमेत लिहिलेली आहे आणि ती सरकारच्या मनावर सरकते. तरी तिच्यात एक सोय चांगली आहे. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं म्हणून कुटुंबाला लगेच बाहेर काढत नाहीत. ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत निम्मी रक्कम काही काळ चालू राहते. पूर्वी दोन वर्षं होती, २०२५ मध्ये नव्यांसाठी एक वर्ष केली. त्यामुळे काम मिळालं तर लपवायची गरज कमी होते.

चीनने २,३०० युआनची रेषा ठरवली ती ‘२०१० च्या किमतींना’ असं लिहून. त्यामुळे २०२० पर्यंत चालू किमतींना ती ४,००० च्या आसपास गेली. ती कमी आहे अशी टीका झाली, पण महागाईने ती खाल्ली असं म्हणता येत नाही. इथिओपियाचा अनुभव उलटा. तिथल्या अन्नसुरक्षा कार्यक्रमात २००५ मध्ये दिवसाची मजुरी ६ बिर ठरली, साधारण तीन किलो धान्याच्या किमतीइतकी. २००८ मध्ये धान्य कडाडलं, मजुरी ८ बिर केली, तरी तेवढ्यात तीन किलो येईना. लोकांनी रोख नको, धान्यच द्या म्हणायला सुरुवात केली. रोख रक्कम चांगली की वस्तू चांगली, या आपल्याकडच्या न संपणाऱ्या वादात हा मुद्दा बहुधा सुटतो. रोख चांगली, पण भावाबरोबर हलणारी असेल तर. नेपाळने १९९५ मध्ये शंभर रुपयांपासून वृद्ध भत्ता सुरू केला आणि उत्पन्नाची अटच ठेवली नाही. वयाचा पुरावा पुरे. केरळने १ नोव्हेंबर २०२५ ला अत्यंत गरिबी संपल्याचं जाहीर केलं. त्या दाव्यावर वाद आहेत. पण ६४,००६ कुटुंबं निवडताना तिथे उत्पन्नाच्या एका आकड्यावर काम भागवलं नाही. अन्न, आरोग्य, घर आणि उत्पन्न अशा चार अंगांनी स्थानिक संस्थांनी घरं शोधली आणि प्रत्येक घराची वेगळी योजना आखली.

भावाबरोबर रक्कम हलवणं आपल्या सरकारला जमत नाही असंही नाही. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांकावरून ठरतो. रोजगार हमीची मजुरीही दर १ एप्रिलला शेतमजुरांच्या निर्देशांकानुसार सुधारली जात आली. (त्या केंद्रीय कायद्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा आला आहे. ही प्रथा पुढे टिकते का, यावर लक्ष ठेवावं लागेल.) सूत्र आहे, निर्देशांक आहे, गणित करणारे लोक आहेत. निराधारांच्या बाबतीत ते वापरलं गेलं नाही, एवढंच.

करायचं काय, ते नेमकं सांगतो. पहिलं, मर्यादा कुटुंबाची न ठेवता माणशी ठेवावी. दोघांच्या घराला आणि सात जणांच्या घराला एकच आकडा लावला की मोठ्या घरावर अन्याय होतो. सुरुवातीचा आधार म्हणून रोजगार हमीची शंभर दिवसांची मजुरी घेता येईल. २०२५-२६ च्या दराने ती ३१,२०० होते, म्हणजे दरमहा २,६००. चौघांच्या घराला वर्षाचे १,२४,८००. ग्रामीण भारताचा सरासरी दरडोई खर्च महिन्याला ४,१२२ आहे, तेव्हा ही मर्यादा फार सढळ आहे असं कुणी म्हणू नये. दुसरं, हा आधार एकदा ठरला की दर १ एप्रिलला मर्यादा आणि अनुदान दोन्ही निर्देशांकाने वाढतील, असं शासन निर्णयातच लिहावं. दोन्ही, कारण एकच वाढवलं तर काय होतं ते वर दिसलंच आहे. तिसरं, मर्यादा ओलांडणाऱ्याला एक वर्ष निम्मं अनुदान चालू ठेवावं. चौथं, पासष्टी ओलांडणाऱ्या लाडक्या बहिणीला नवा अर्ज आणि नवा दाखला न मागता श्रावणबाळमध्ये वर्ग करावं. तिचं आधार, बँक खातं, वय सगळं सरकारकडे आहेच. फक्त खातं कोणतं ते तिला विचारून घ्यावं. आधारवर आधारित पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कोणतं हे अनेकींना माहीत नसतं.

पाचवी गोष्ट दाखल्याची. मजुरीवर जगणाऱ्या घराचं उत्पन्न कुणालाच मोजता येत नाही, तेव्हा मोजल्याचा देखावा थांबवावा. चारचाकी, आयकर, सरकारी नोकरी किंवा निवृत्तिवेतन, ठरावीक एकरांवर बागायत, असल्या पडताळता येणाऱ्या चार-पाच गोष्टी अपात्रतेसाठी पुरेशा आहेत. बाकी स्वयंघोषणा, आणि यादीचं ग्रामसभेत चावडी वाचन. चावडी वाचनात वैर काढलं जातं, दुबळ्याच्या नावावर बोट ठेवलं जातं, हे खरं आहे. म्हणून तिथे आलेल्या हरकतीवर लगेच नाव कापू नये. तीस दिवसांची नोटीस, लेखी कारण आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, एवढं तरी असावं.

मर्यादा वाढवली की गर्दी होईल आणि तिजोरी रिकामी होईल, हा आक्षेप येणारच. निराधार योजनेत नुसती गरिबी पुरत नाही. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी, अनाथ यांपैकी असावंच लागतं. वृद्धांना वयाची अट आहे. ही दारं अरुंदच आहेत. ज्यांना आज मिळतं त्यांतल्या बहुतेकांना पुढेही मिळेल, फरक एवढाच की खोट्या दाखल्याशिवाय. नव्याने येतील ते ओळखीपाळखीविना राहिलेले. त्यांचा खर्च वाढेल, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या राज्याने एका योजनेत अडीच लाखांपर्यंतच्या घरांना तीच रक्कम देण्याचा खर्च पत्करला, त्याने विधवेसमोर तिजोरीचं कारण पुढे करू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत गरीब आणि दुर्बलांपर्यंत सामाजिक संरक्षण पोचवण्याचं कलम भारताने मान्य केलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१२ ची २०२ क्रमांकाची शिफारसही असं सांगते की अशा लाभांची पातळी पारदर्शक पद्धतीने, कायद्याने ठरवून, नियमितपणे तपासावी. या मोठ्या कागदांची अंमलबजावणी शेवटी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाच्या एका शासन निर्णयावर येऊन ठेपते. २१,००० चा आकडा विधिमंडळाच्या कायद्यात नाही, शासन निर्णयात आहे, म्हणजे तो बदलायला विधेयक लागत नाही. वित्त विभागाची संमती लागते, आणि तरतुदीसाठी अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी प्रस्ताव जावा लागतो. तो यंदा वेळेत गेला तर १ एप्रिलपासून येणारे अर्ज नव्या मर्यादेने तपासता येतील आणि जुन्या मर्यादेमुळे फेटाळलेले अर्ज तहसीलदारांना आपणहून पुन्हा उघडायला सांगता येईल. केंद्राच्या दोनशे रुपयांसाठी मात्र राज्यातल्या खासदारांनी दिल्लीत तोंड उघडायला हवं.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई